तारीख मिळाल्यानंतरचे दिवस

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तयार करणं हे माझं रोजचं काम. गाठ काढायची, मानेतल्या ग्रंथी काढायच्या, मग मांडीचं मांस किंवा पायाचं हाड घेऊन जबडा पुन्हा उभा करायचा. यात आठ-दहा तास सहज जातात. एवढा घाव पेलायचा तर तारखेपर्यंतचे आठवडे नुसती वाट बघण्यात घालवून चालत नाही. तेही उपचाराचेच दिवस असतात. या कामातून शिकलेल्या काही गोष्टी:

१. तंबाखू आजच बंद. ‘व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?’ असं रुग्ण म्हणतात. उपयोग आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. धुरामुळे फुप्फुसांत कफ साठतो. जागतिक आरोग्य संघटना शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी धूम्रपान थांबवायला सांगते. तेवढे दिवस हातात नसले तरी आज थांबलेलं बरंच. बायकांना ‘मिशरी लावता का?’ असं वेगळं विचारावं लागतं, कारण मिशरीला त्या तंबाखूत धरत नाहीत.

२. पेजेवर ताकद येत नाही. तोंडात जखम, भाकरी चावत नाही, म्हणून घरचे पेज, साबुदाणा, नारळपाणी देत राहतात. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. मुगाचं दाट वरण, बिनतिखटाचं सैल पिठलं, दही, दूध, मऊ उकडलेलं अंडं हे थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आणि ऑपरेशन नीट व्हावं म्हणून या दिवसांत उपास धरू नये. नवस नंतरही फेडता येतो.

३. तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नसतं. स्पायरोमीटर हातात दिला की दहातले निम्मे जण जोरात फुंकर मारतात. श्वास सावकाश आत ओढायचा, चेंडू वर धरायचे, मग सोडायचा. हे आधी हातात बसलं, तर शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साठू नये म्हणून घ्यायचे खोल श्वास नव्यानं शिकावे लागत नाहीत.

४. चाला, जिने चढा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. गावाहून येऊन धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णालाही व्हरांडा आणि जिना असतोच. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करावा. ऑपरेशननंतर पलंगावरून उठताना तोच कामी येतो.

५. भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गावच्या वैद्याचा काढा, सगळं सांगा. गुटखा-सुपारीनं तोंड आखडून दोनच बोटं आत जात असतील, तर तेही. श्वासनळीत नळी कुठल्या वाटेनं घालायची, हे त्यांना आधीच ठरवावं लागतं.

६. मनाची तयारी म्हणजे खरं सांगणं. ‘बाबांना काही सांगू नका’ ही विनंती मायेपोटी येते. पण शुद्धीवर आल्यावर गळ्यात नळी, नाकात नळी, आवाज गायब, हे बाबांना अचानक कळलं तर ते घाबरून नळ्या ओढू लागतात. बहुतेकांचा आवाज गळ्यातली नळी निघाल्यावर परततो, हे आधी कानावर पडलेलं असलं की धीर राहतो. पाटी-पेन्सिल सोबत ठेवा. लिहिता येत नसेल तर पाणी, दुखणं, लघवी यांच्या खुणा घरीच ठरवा. अशाच शस्त्रक्रियेतून गेलेला माणूस भेटवता आला, तर माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्याची दहा मिनिटं जास्त धीर देतात.

७. तयारीपायी तारीख लांबवू नका. फारच अशक्त रुग्णाला आधी खाऊपिऊ घालून मग शस्त्रक्रिया करायची, हा निर्णय सर्जनचा. ‘थोडी ताकद येऊ दे’ म्हणून घरच्यांनी परस्पर थांबायचं नाही. गाठ थांबत नाही. तारीख हातात पडली की तिथेच विचारा: ‘डॉक्टर, तोवर आम्ही काय करायचं?’ आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.