झाडीबोली आणि प्रमाण मराठी : अध्ययनाच्या दोन दिशा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीबोली बोलली जाते. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव (जि. भंडारा) याच भाषाक्षेत्रात येते. प्रमाण मराठीतील 'ण' आणि 'ळ' यांच्या जागी या बोलीत अनुक्रमे 'न' आणि 'र' येतात : 'पाणी'चे 'पानी', 'डोळा'चा 'डोरा'. हा उच्चारदोष नव्हे. नियमित ध्वनिभेद होय.

मात्र हा नियम एकाच दिशेने चालतो. बाहेरून आलेल्या अध्यापकाने ही दोन सूत्रे ध्यानात ठेवली की त्याला बोलीतील असे शब्द ओळखता येतात. विद्यार्थ्याला उलट दिशेने असे सूत्र उपलब्ध नाही. त्याच्या 'मन'मागे प्रमाण भाषेतील 'मन' आहे की 'मण', 'गार'मागे 'गार' आहे की 'गाळ', हे त्याला शब्दागणिक शिकावे लागते. चुकण्याच्या धास्तीने 'मन'चे 'मण' करणारी अतिशुद्धी यातूनच संभवते.

तुलनेसाठी फ्रेंच भाषा पाहावी. सत्तर या संख्येला फ्रान्समध्ये 'स्वासांत-दीस' (साठ-दहा) म्हणतात; बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये 'सेप्तांत'. तेथे एका शब्दाला एकच प्रतिशब्द असल्याने दोन्ही बाजूंच्या अध्येत्यांचे श्रम सारखेच. झाडीबोली-भाषक विद्यार्थ्याचे श्रम अध्यापकाहून अधिक आहेत.

म्हणून 'पानी' या लेखनावर लाल रेघ ओढून अध्यापकाचे कार्य संपत नाही. 'मन–मण', 'गार–गाळ' अशा जोड्या वाक्यांत योजून शिकवाव्यात. घरची बोली सदोष आहे, असे विद्यार्थ्याला न वाटू देता प्रमाण लेखन शिकविण्याचा हाच मार्ग होय.