फायबरच्या गाडीला रंग लावण्याआधी

पत्र्याच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करणारे गावोगाव आहेत. फायबरची गाडी आली की मात्र त्यांतले बरेच जण पत्र्याचीच रीत चालवतात, आणि पुढे रंग फुगतो नाहीतर तडकतो. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच. बंगळूरची सिपानी डॉल्फिन आणि गोव्यात तयार झालेली दोन माणसांची सॅन स्टॉर्म या त्यांतल्या दोन. कोकणात अशा गाड्यांवर काम करताना जे मनात पक्कं होत गेलं, ते हे.

१. आधी पुसा, मग घासा. जुन्या पॉलिशमधलं मेण आणि सिलिकॉन अंगावर असताना पेपर मारला, तर ते आणखी आत रुततं आणि नव्या रंगात गोल खड्डे पडतात. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरसाठी दोन फडकी हवीत. एकाने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्याने टिपून घ्यायचं.

२. पेंट रिमूव्हर वापरू नका. तो रंगासोबत खालचं रेझिनही खातो, आणि आत मुरलेला अंश पुढे नवा रंग उचलतो. रंग घासूनच काढावा: जाड थरांना ८० नंबर, मग १८०. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रेझिनचा थर, दिसला की हात थांबवा. काचेचे तंतू उघडे पडले असतील, तर तिथे आधी रेझिन लावून ते बंद करावे लागतात.

३. तडांना वरून लांबी भरू नका. सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. बॉनेटच्या बिजागरीपाशी कोळिष्टकासारख्या बारीक रेषा असतात, त्या धड दिसतही नाहीत. थिनरचं फडकं फिरवा. वरचा भाग झटकन वाळतो, रेषा मात्र क्षणभर ओल्या, काळ्या राहतात. तेवढ्यात पेन्सिलीने खुणा करून घ्या. मग मागून हात घालून अंगठ्याने दाबून बघा. पॅनल लवत असेल, तर दोष आत आहे. बऱ्याचदा बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो, तो आधी सैल करा. थिनर पूर्ण उडाल्यावर तड जिथे संपते त्याच्याही थोडं पुढेपर्यंत कोरा, मागून मॅट आणि रेझिन द्या, पूर्ण कडक होऊ द्या. लांबी त्यानंतर.

४. उघड्या फायबरवर पाण्याचा पेपर मारू नका. तंतू पाणी ओढून घेतात आणि उन्हात तेच पाणी वाफ होऊन रंगाला फोड आणतं. मी पावसाळ्यात प्रायमरचं काम घेत नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, दिवाळीनंतर या म्हणून सांगतो.

५. पहिले दोन हात इपॉक्सी प्रायमरचे, डब्यावर लिहिलेल्या मापात हार्डनर घालून. सुईएवढी भोकं प्रायमरने भरत नाहीत, नुसती झाकली जातात. तिथे पॉलिएस्टर पुट्टी पात्याने दाबून बसवावी लागते. त्यावर टू-के सरफेसर, मग काळ्या रंगाचा विरळ फवारा, आणि लांब ब्लॉकवर ३२० नंबरचा पेपर. काळं जिथे उरतं तिथे खोलगट आहे. नुसत्या बोटांनी घासलं, तर पॅनलवर लाटा उमटतात.

६. भट्टीचा ताव ६० अंशांवर नेऊ नका. जास्त उष्णतेने पॅनल वाकतं आणि तंतूंची वीण वर उमटते.

७. घासणाऱ्या पोराला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. काचेची धूळ अंगाला टोचत राहते. टू-के हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. फवारा मारताना तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही, कार्ट्रिजचा मास्कच हवा. हा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात उघड लावा, पण टाळू नका.

फायबरची बॉडी गंजत नाही. गंजते ती खालची लोखंडी चासी. तुमच्या ओळखीत अशी गाडी कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून असेल, तर भंगारात देण्याआधी जॅक लावून चासी तेवढी तपासून घ्या. ती शाबूत असेल, तर बॉडी दुरुस्त होते.