भरती-ओहोटी व आपली उल्हास नदी

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथील मुलांस समुद्र पाहावयाचा झाल्यास आगगाडीने मुंबई गाठावी लागते. तथापि अरबी समुद्राची भरती दिवसातून दोन वेळा आपल्या शेजारच्या कल्याणापर्यंत येऊन जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत व बदलापूरवरून येते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी तिला कल्याणजवळ मिळते. तेथून पुढे तिची खाडी होऊन ती वसईस समुद्रास मिळते. ह्याच खाडीत, १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर, शिवछत्रपतींनी गलबते बांधविण्यास आरंभ केला.

आता भरती कशी येते ते पाहू. चंद्र पृथ्वीस आपल्याकडे ओढतो. त्याच्या समोरील बाजूचे पाणी जवळ असल्यामुळे अधिक ओढले जाते, तर पलीकडील बाजूचे दूर असल्यामुळे कमी ओढले जाऊन मागे राहते. अशा रीतीने दोन्ही बाजूंस पाण्याला फुगवटा येतो व पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने दिवसास दोन भरत्या होतात. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन दोघांची ओढ एकवटते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असल्याने भरती बेताची असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

मुंबईच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. चतुर्थीस ३, अष्टमीस ६. विद्यार्थ्यांनी पंचांग घेऊन हा ताळा अवश्य पाहावा.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नव्हे. २६ जुलै २००५ पासूनच्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली; सुमारे १,०५० उतारूंस सोडवून आणावे लागले. अतिवृष्टी व उधाण एकाच वेळी आले, तर खाडीचे पाणी चढलेले असल्यामुळे नदीचे पाणी पुढे सरकण्यास वाव राहत नाही.

भरती थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु नदीचे पात्र मोकळे ठेवणे व वालधुनीत कचरा न टाकणे हे आपल्या हाती आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या व खाडीकाठच्या प्रत्येक घरी आकाशाबरोबर तिथीकडेही लक्ष असावे.