मेंदूचा ठेका आणि अळंबी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सारोळ्यातील एक तरुण दवाखान्यात आला. नैराश्यावर त्याला गोळ्या सुरू होत्या. “डॉक्टर, अळंबीनं डिप्रेशन जातं म्हणे. गोळ्या बंद करू का?”

त्याने ऐकले ते अगदीच खोटे नव्हते. काही जातींच्या अळंबीत सायलोसायबिन नावाचे द्रव्य असते. पोटात गेल्यावर त्याचे सायलोसिन बनते व ते मेंदूतील सेरोटोनिनच्या जागा पकडते. भजनात सारे टाळकरी एका ठेक्यावर असतात, तशी मेंदूची दूरदूरची केंद्रे एका लयीत चालतात. हे द्रव्य तो ठेकाच मोडते. अमेरिकेत सेंट लुईस येथे सात निरोगी माणसांच्या मेंदूच्या वारंवार तपासण्या झाल्या. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सर्वाधिक विस्कळीतपणा आढळला तो स्वतःविषयीचे विचार जेथे चालतात त्या जाळ्यात. स्मृतीच्या केंद्राशी असलेला त्याचा दुवा तर काही आठवडे सैल राहिला. नैराश्यात तेच तेच विचार घोळत राहतात. ते चक्र यामुळे सुटत असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

मात्र तिथे औषध शुद्ध, मोजून दिलेले, आणि शेजारी देखरेखीला माणूस. रानातली अळंबी मलाही ओळखता येत नाही. विषारी निघाली तर उलट्या-जुलाब थांबून बरे वाटते आणि मग यकृत जाते. शिवाय १९८५ च्या कायद्याने सायलोसायबिन बाळगणे गुन्हा आहे.

“घरात कुणाला भास व्हायचे का?” मी विचारले.

“मामांना.”

अशांना तर प्रयोगातही घेत नाहीत. गोळ्या सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या चालू ठेवून सोमवारी आईला घेऊन ये, असे मी त्याला सांगितले.