मोठी मोटार आणि सात वर्षांचे कर्ज : दोन प्रतिस्पर्धी वाहनांचा अभ्यास

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या परिसरातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांपैकी काही कुटुंबे कोलकात्यातही स्थिरावली. गलाई म्हणजे जुने दागिने आणि सोनारकामातील घट वितळवून शुद्ध धातू वेगळा करणे. या व्यवसायातील माणूस वर्षभर भट्टीपासून हलत नाही. मात्र गावची जत्रा आणि घरचे लग्न चुकवत नाही. कोलकाता ते विटा हे अंतर रस्त्याने जवळजवळ दोन हजार किलोमीटर भरते. आईवडील, दोघा भावांचे संसार आणि गावाकडे न्यायचे सामान यांचा विचार करता रेल्वेचे आरक्षण हाती लागेलच याची शाश्वती नसते. त्यामुळे धंद्यात जम बसला की सात आसनी मोठ्या मोटारीचा विषय घरात निघतोच. विषय निघाला की पुढचा प्रश्न बँकेच्या कर्जविभागात येतो : कोणती घ्यावी?

ज्याला सर्वसाधारणपणे एसयूव्ही म्हटले जाते, त्या वाहनाची करासाठीची व्याख्या वस्तू व सेवा कर परिषदेने २०२३ मध्ये स्पष्ट केली. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक, इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, असे ते तीन निकष होते. या वर्गावर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के भार पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द झाला आणि सरसकट ४० टक्के दर लागू झाला. दर उतरला हे खरे. परंतु वाहनाच्या मूळ किमतीवर चाळीस टक्के कर भरूनच मोटार दारात येते, आणि दाराबाहेर पडताच तिच्या किमतीला घसरण लागते, हे ग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावे.

तुलनेसाठी २०२१ सालच्या आरंभीची स्थिती सर्वांत बोधक आहे. त्या वेळी तीस लाखांच्या आगेमागे सुरू होणाऱ्या वर्गात खरी चुरस दोन वाहनांत होती. एक टोयोटाची फॉर्च्युनर आणि दुसरी फोर्डची एण्डेव्हर. एण्डेव्हर भारतात २००३ मध्ये आली, फॉर्च्युनर २००९ मध्ये. दोहोंच्या नव्या पिढ्या २०१६ या एकाच वर्षी बाजारात उतरल्या. फॉर्च्युनर बंगळुरूजवळच्या बिडदी येथे तयार होते. एण्डेव्हर चेन्नईच्या कारखान्यातून येत असे. दोन्ही वाहने शिडीसारख्या मजबूत पोलादी सांगाड्यावर उभी, म्हणजेच रचनेने मालमोटारीच्या नात्यातली.

आकडे शेजारी मांडले तर एण्डेव्हरचे पारडे अनेक बाबतींत जड दिसत असे. तिची लांबी ४,९०३ मिलिमीटर, तर फॉर्च्युनरची ४,७९५. चाकांमधील अंतर २,८५० आणि २,७४५ मिलिमीटर. हा फरक मधल्या व मागच्या रांगेत बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना जाणवतो. एण्डेव्हरच्या वरच्या श्रेणीत तिसरी रांग कळ दाबताच दुमडून जमिनीसपाट होई. फॉर्च्युनरमध्ये तीच आसने दोन्ही बाजूंना वर उचलून अडकवावी लागतात आणि सामानाची जागा तेवढी अडते. गावाहून परतताना ज्वारीची पोती आणि लोणच्याच्या बरण्या आणणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट क्षुल्लक नाही. एण्डेव्हरचे सुकाणू विजेच्या साह्याने हलके वळे आणि तिच्यात दहा गतींचा स्वयंचलित गिअर होता. उलटपक्षी शक्तीच्या बाबतीत फॉर्च्युनर पुढे होती. तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची शक्ती २०२१ मध्ये वाढून २०४ अश्वशक्ती झाली आणि स्वयंचलित श्रेणीत ५०० न्यूटनमीटर पीळ मिळू लागला. एण्डेव्हरचे २ लिटर इंजिन १७० अश्वशक्ती आणि ४२० न्यूटनमीटरवर थांबले होते. तरीही केवळ कुटुंबाच्या सोयीचा विचार करणाऱ्याने त्या वेळी एण्डेव्हर निवडली असती, तर तिला चूक म्हणता आले नसते.

नंतर ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्ड कंपनीने भारतातील वाहननिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. सुटे भाग व दुरुस्तीची सेवा चालू राहील, असे आश्वासन कंपनीने दिले. परंतु जुन्या वाहनांच्या बाजारात आश्वासनाला भाव नसतो. आदल्या वर्षी एण्डेव्हर घेतलेल्या ग्राहकाच्या वाहनात रातोरात कोणताही दोष शिरला नव्हता. शिरला तो पुढच्या खरेदीदाराच्या मनातील संशय, आणि कर्जाचे हप्ते मात्र पूर्वीच्याच हिशेबाने चालू राहिले.

ही घटना अपवादात्मक मानता येत नाही. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली आणि तिची ट्रेलब्लेझर ही याच वर्गातील मोटार दोन-तीन वर्षांतच अनाथ झाली. महिंद्रची अल्टुरास जी-फोर २०१८ मध्ये आली आणि २०२२ मध्ये थांबली. तिथे कंपनी टिकून होती, एवढाच दिलासा. कोलकात्याच्या माणसाला तर हा धडा घरचाच आहे. शहरालगतच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने सुमारे पंचावन्न वर्षे अॅम्बॅसॅडर बनवली. त्याच कंपनीने मित्सुबिशीच्या साह्याने पजेरो ही मोठी मोटार भारतीय ग्राहकाला विकली. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. अॅम्बॅसॅडर त्यानंतरही पिवळी टॅक्सी म्हणून धावत राहिली, कारण तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळत आणि प्रत्येक मिस्त्रीला तिची नस ठाऊक होती. पजेरोच्या वाट्याला ते भाग्य येणे शक्यच नव्हते. मोटार जितकी महाग आणि तिच्यातील विजेची उपकरणे जितकी गुंतागुंतीची, तितकी ती अधिकृत सेवाकेंद्रावर अवलंबून राहते.

कर्जाचा हिशेब याच संदर्भात पाहणे आवश्यक आहे. समजा, नोंदणी व विम्यासह मोटार ४० लाखांना पडली आणि ग्राहकाने ८ लाख स्वतःचे घातले. उरलेल्या ३२ लाखांवर व्याजदर ९ टक्के धरला, तर सात वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ५१,५०० रुपये होतो आणि एकूण व्याज सव्वाअकरा लाखांच्या घरात जाते. पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ६६,४०० रुपये बसतो, पण व्याज पावणेआठ लाखांहून थोडेच अधिक भरावे लागते. साडेतीन लाखांच्या आसपासची ही बचत बहुतेक ग्राहकांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही तो दुसरा आकडा. तीन वर्षांनंतर काही कारणाने मोटार विकायची ठरली, तर सात वर्षांच्या कर्जात जवळजवळ २० लाख ७० हजार रुपये शिल्लक असतात. पाच वर्षांच्या कर्जात साडेचौदा लाख. निर्मिती बंद पडलेल्या मोटारीला बाजारात अठरा लाख मिळाले, तर पहिल्या ग्राहकाला मोटार देऊन वर पावणेतीन लाख खिशातून भरावे लागतील, आणि दुसऱ्याच्या हाती साडेतीन लाख उरतील. मोटार तीच, फरक फक्त मुदतीचा. फॉर्च्युनरची पुनर्विक्रीची किंमत वर्षानुवर्षे टिकून राहिली आहे. बसण्याच्या सोयीत ती मागे असूनही तिला गिऱ्हाईक का मिळते, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

गलाई व्यावसायिकाने मोटार पेढीच्या नावे घेतली, तर व्यवसायासाठी होणाऱ्या वापराच्या प्रमाणात घसारा आणि व्याज यांची वजावट प्राप्तिकरात मिळते. मात्र तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या वस्तू व सेवा कराची जमा सामान्यतः मिळत नाही. विक्रेत्याने अन्यथा सांगितल्यास आपल्या सनदी लेखापालाला विचारून घ्यावे. दहा लाखांवरील वाहनावर विक्रेता जो एक टक्का प्राप्तिकर आधीच गोळा करतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. अनेक ग्राहक तो विसरून जातात. चाळीस लाखांवर ही रक्कम चाळीस हजारांची असते!

आता शहराकडे वळावे. वर्षातील दोन-तीन खेपा गावाकडच्या. उरलेले तीनशेहून अधिक दिवस मोटार कोलकात्यातच राहणार. उत्तर कोलकात्यातील गल्ल्या हातरिक्षा आणि ट्राम यांच्या काळात आखलेल्या आहेत. बडाबाजारात दिवसा हातगाडी सुटी निघाली तरी नशीब मानावे, अशी स्थिती असते. तिथे जवळजवळ पाच मीटर लांबीची मोटार नेणे म्हणजे रोज सासुरवास. जुन्या वाड्यांना तळघर नाही, वाहनतळ नाही. भाड्याने जागा घ्यावी लागली, तर ते भाडे मासिक हप्त्याचाच भाग समजून हिशेबात धरावे.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. करकपातीच्या दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर कोलकात्यात चोवीस तासांच्या आत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस झाला. रस्त्यांचे कालवे झाले आणि विजेच्या धक्क्याने माणसे दगावली. एण्डेव्हर ८०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असा कंपनीचा दावा होता. उंच मोटारीचा हा गुण खराच. परंतु त्याच्या भरवशावर पाण्यात गाडी घालणाऱ्याने विम्याचा कागद आधी वाचावा. इंजिनात पाणी शिरून ते जाम झाल्यास साधी सर्वसमावेशक पॉलिसी बहुधा भरपाई देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पूरक कलम स्वतंत्र हप्ता भरून घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, तर नुकसान वाढते आणि दाव्यात वादही निघतो. ती ढकलून बाहेर काढावी.

या सर्व गोष्टी ध्यानात घेतल्यावर एक शंका उरते. शिडीच्या सांगाड्याची, चारही चाकांना शक्ती देणारी मोटार या कुटुंबाला हवीच आहे का? संबलपूर, रायपूर, नागपूर मार्गे जाणारा रस्ता डांबराचा किंवा काँक्रीटचा आहे. नदीपात्र ओलांडायचे नाही. पुण्याजवळच तयार झालेल्या टाटा सफारी आणि महिंद्र एक्सयूव्ही ७०० या दोन्ही मोटारी २०२१ मध्येच बाजारात आल्या. त्यांची रचना एकसंध सांगाड्याची, चाल मोटारीसारखी मऊ, लांबी अनुक्रमे ४,६६१ आणि ४,६९५ मिलिमीटर आणि किंमत फॉर्च्युनरच्या मानाने पुष्कळ कमी. दोहोंना ग्लोबल एनकॅपच्या आघात चाचणीत पाच तारे मिळाले. सफारीला डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपमध्येही मिळाले. मागच्या रांगेत उंच माणसाला दिवसभर बसवणे मात्र यांतही अन्यायाचेच आहे. ती जागा नातवंडांची. ज्या घरात सात प्रौढ माणसे एकत्र प्रवास करतात, त्यांनी एसयूव्हीचा हट्ट सोडून २०२२ च्या अखेरीस आलेली इनोव्हा हायक्रॉस एकदा बसून पाहावी. पत गावात दाखवायची असेल तर गोष्ट निराळी, आणि गावात ती दाखवावी लागते हेही नाकारता येत नाही.

वापरलेली एण्डेव्हर आज कमी किमतीत मिळते आणि काही ग्राहक तिच्यासाठी कर्ज मागतात. सुस्थितीतील वाहन असेल तर सौदा वाईट नाही. मात्र सेवाकेंद्रातील दुरुस्तीचा पूर्ण इतिहास पाहावा, मुदत तीन वर्षांपलीकडे नेऊ नये आणि नोंदणी पुस्तकावरील आधीच्या बँकेचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी. त्यासाठी त्या बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. केवळ विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सौदा करू नये.