पुळीवरचे मलम: लावण्याआधी आणि लावताना

पाऊस सुरू झाला की सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतल्या घरांत मुलांच्या नाकाखाली, हनुवटीवर आणि गुडघ्यांवर पुळ्या येऊ लागतात. लूम्सवर आणि डाइंग मिलमध्ये दिवसभर घामात उभे राहणाऱ्यांच्या मानेवर, मांड्यांवर केस्तुडे उठतात. कपाटात मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब पडलेली असते आणि हात आधी तिकडेच जातो. तो थांबवून पुढील क्रमाने जावे.

१. पहिल्यांदा आजार ओळखावा. पुळी फुटून लस वाहते आणि त्यावर मधाच्या रंगाची, वाळलेल्या गुळासारखी खपली धरते, तेव्हा तो बहुधा इम्पेटिगो असतो. स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस या जंतूंमुळे होणारा हा वरवरचा संसर्ग आहे. जागा थोडी असेल, तर अँटिबायोटिक मलमाने तो बरा होतो. केसाच्या मुळाशी आलेले लहानसे केस्तूडही याच वर्गातले. गोल चट्टा, उठावदार कड, मधे साफ होत जाणारी कातडी आणि भयंकर खाज असेल, तर तो नायटा, म्हणजे गजकर्ण. गुजराती शेजारी त्याला दादर म्हणतात. तो बुरशीमुळे होतो, त्यावर हे मलम काहीच करत नाही.

२. ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचावे. म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड हे एकच नाव आणि पुढे २ टक्के असे लिहिलेले असेल, तर ते निव्वळ अँटिबायोटिक. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव सोबत असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. मला सर्वांत जास्त काळजी या मिश्र क्रीमची वाटते. दोन दिवसांत खाज आणि लाली उतरते, घरचे निर्धास्त होतात, आणि आत जंतू किंवा बुरशी पसरत राहते. गालावर, जांघेत महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते. या कारणांमुळेच २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये आणली गेली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मेडिकलवाल्याकडे ‘खाजेची ट्यूब द्या’ असे मागू नये. चिठ्ठी दाखवावी आणि तेच नाव मिळाले ना, हे तपासावे. एक्स्पायरीही त्याच वेळी पाहावी.

३. खपली मऊ करून काढावी. बहुतेक घरांत हीच पायरी वगळली जाते. मलम खपलीवर लावले की ते तिथेच राहते, खालच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती फडके भिजवून, पिळून, खपलीवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. ती फुगून पांढरट झाली की साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसावी. आपोआप सुटेल तेवढीच काढावी. चिकटलेली ओढली तर रक्त येते आणि मूल दुसऱ्या दिवशी हात लावू देत नाही. मग जागा टिपून कोरडी करावी. फडके उकळून घ्यावे.

४. मलम थोडे आणि पातळ लावावे. हात धुऊन, एका पुळीला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे मलम पुरते. पुळीच्या कडेबाहेर थोडे जाऊ द्यावे. ट्यूबचे तोंड पुळीला टेकवू नये. लावल्यावर पुन्हा हात धुवावेत.

५. दिवस मोजावेत. साधारणपणे दिवसातून दोन-तीन वेळा, पाच ते सात दिवस, किंवा डॉक्टरांनी लिहिले असतील तेवढे. सुरू केल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहावी. तिसऱ्या दिवशी सुकलेले दिसले म्हणून सोडू नये आणि दहा दिवसांपुढे स्वतःहून ओढू नये. उगाच लावत राहिल्याने जंतू त्या औषधाला सरावतात, मग खरी गरज असेल तेव्हा ते चालत नाही. १९९४ च्या प्लेगच्या दिवसांत सुरतेतल्या दुकानांतून टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक संपले होते. त्या दिवसांत तापती लाइनने खानदेशात परतलेल्या घरांना ते आठवत असेल. भीतीपोटी घरात औषध साठवायची सवय अजून मोडलेली नाही, आणि साठवलेली ट्यूब अशीच उगाच लावली जाते.

६. घरातला फैलाव रोखावा. मुलाची नखे कापावीत, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. मलम सुरू केल्यावर ४८ तास किंवा खपल्या सुकेपर्यंत शाळा बंद. खाडीचे पाणी गल्लीत शिरले असेल तर पायावरची जखम झाकल्याशिवाय त्यात उतरू नये. मलम लावलेले आहे म्हणून त्या पाण्यातल्या जंतूंपासून संरक्षण मिळत नाही.

७. गळू झाले तर वेगळे वागावे. आत पू भरलेल्या, ठणकणाऱ्या गळवाच्या मुळाशी मलम पोहोचत नाही. दिवसातून तीन-चार वेळा गरम शेक द्यावा. पिळू नये, नाकाजवळ आणि वरच्या ओठावर तर मुळीच नाही. पू काढायचा असेल तर तो डॉक्टरांनीच काढावा.

८. पुढील वेळी ट्यूब बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा: ताप आला, लाली हाताने मोजता येईल अशी वाढत गेली, अंगभर पुळ्या झाल्या, डोळ्याजवळ सूज आली, रुग्ण तान्हे बाळ किंवा मधुमेही आहे. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तरीही दाखवावे. तेव्हा पोटातून घ्यायचे औषध लागते. महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय आणि नवी सिव्हिल या दोन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा.

९. पुळ्या गेल्यावरही मुलाकडे सहा आठवडे लक्ष ठेवावे. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी उठल्यावर चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर थांबू नये. लघवीची तपासणी आणि रक्तदाब दोन्ही त्याच दिवशी करून घ्यावे, आणि काही आठवड्यांपूर्वी पुळ्या झाल्या होत्या हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.