वकीलपत्र सुटल्यावर घटस्फोटाचा दावा स्वतः चालवताना



घटस्फोटाच्या दाव्यात वकिलाने वकीलपत्र सोडले, तरी पक्षकाराचे म्हणणे न्यायालयात मांडायचे राहत नाही. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः बोलावे, हीच कायद्याची मूळ अपेक्षा आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे तिथे वकील देणे हा हक्क नसून परवानगीची बाब आहे. गरज भासल्यास न्यायालय न्यायमित्र नेमू शकते.

पहिले काम कागद ताब्यात घेण्याचे. वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने संपते. तोवर नोटिसा जुन्या वकिलाकडेच जात राहतात, म्हणून माघारीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, खरोखर दाखल झाली का, हे पाहून आपला पत्ता व मोबाइल क्रमांक लेखी नोंदवावा. फी थकली असली तरी वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवून दिले आहे. तरीही फाईल अपुरी मिळाली, तर भांडत बसण्यापेक्षा नक्कल विभागात अर्ज करावा. मूळ अर्ज, लेखी कैफियत, अंतरिम हुकूम आणि रोजनामा एवढे तरी हाती हवेच.

त्यातला रोजनामा, म्हणजे तारखेगणिक कामकाजाची नोंद, सर्वांत आधी वाचावा. 'सामनेवाले गैरहजर, प्रकरण एकतर्फी चालवावे' अशी एखादी ओळ त्यात दोन तारखांच्या मध्ये बसलेली असते आणि पक्षकाराला तिचा पत्ताही नसतो. ती दिसताच गैरहजेरीचे कारण देऊन हुकूम रद्द करण्याचा अर्ज द्यावा. एकतर्फी निकालच झाला असेल, तर अशा अर्जाची मुदत 30 दिवसांची आहे. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पाहता येतात. तारीख चुकण्याइतके नुकसान दुसरे कशानेही होत नाही.

खरी कसोटी उलटतपासणीची. जोडीदार पिंजऱ्यात उभा असताना मनातला सगळा संताप प्रश्नात उतरतो: 'तू मला छळलेस की नाही?' उत्तर 'नाही' येते आणि तेच नोंदीवर राहते. त्याऐवजी बँकेचा उतारा हातात धरून 'या खात्यात दरमहा पगार जमा होतो, हे खरे आहे का?' असे विचारावे. एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती असावी आणि टंकलेखकाचे उत्तर टिपून होईपर्यंत थांबावे. सरतपासणीच्या शपथपत्रातली जी गोष्ट मान्य नाही, ती साक्षीदारासमोर स्पष्ट नाकारावीच. नाहीतर ती मान्य होती असे धरले जाण्याचा धोका असतो. व्हॉट्सॲपचे संदेश दाखल करायचे असतील, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नये.

परस्परसंमतीचा अर्ज वकिलाविना निभावता येतो. मुलाचा ताबा किंवा घराचा वाद असेल, तर निदान उलटतपासणी आणि युक्तिवादासाठी तरी वकील घ्यावाच. तिथे जिद्दीने एकट्याने लढण्यात शौर्य नाही. पैशाची अडचण असल्यास स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही मदत मागण्यात कमीपणा काही नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी पती-पत्नींपैकी कोणालाही मागता येते. त्यासाठी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र लागते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने ते दोन्ही पक्षांना बंधनकारक केले.

निकाल लागला त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा. कौटुंबिक न्यायालय अधिनियमात अपिलाची मुदत 30 दिवसांची लिहिली आहे; हिंदू विवाह अधिनियमातली मुदत त्याहून मोठी असली, तरी अपील करायचे तर पहिल्या महिन्यातच करावे. अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालेच तर ते फेटाळले जाईपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही.

— आत्या